दिसलं म्हणायचं

रवि., २९ जून

माळशेज. निघायचं ठरलं सकाळी, निघालो जेवून. आळे, ओतूर, मढ, मग घाट. जीप अप्पा चालवणार, मी शेजारी, मागे आई आणि बबनकाका. काका नेहमी डाव्या खिडकीला. त्यांनी खिडकीतून हात काढून टपावर दोनदा वाजवलं की गाडी हलते. अप्पा एसटीत ड्रायव्हर होते, काका त्यांचे कंडक्टर. दोघे निवृत्त झाले, घंटी झाली नाही. दोनदा म्हणजे चल, एकदा म्हणजे थांब.

घाटात धुकं. कठड्याला लागून मुंबईच्या गाड्यांची रांग आणि कठड्यावर माणसांची. समोर पांढरं. दरी नाही, धबधबा नाही, समोरचा डोंगरही नाही. तरी प्रत्येक जण शेजारच्याला दाखवत होता. "तो बघ, तिकडे. दिसतोय का?" "हो हो, दिसतोय." एका बाईंनी त्या पांढऱ्याकडे पाठ करून पंधरा-वीस फोटो काढून घेतले आणि मग त्यातला चांगला निवडत बसल्या.

फक्त कणसं भाजणारी बाई खरं बोलली. "आज काय बी दिसत न्हाई. काल समदं दिसत व्हतं." माळशेजला काल सगळं दिसत होतं, हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे.

अप्पाही कठड्यापाशी हात मागे बांधून उभे होते. विचारलं, काय दिसतंय? "समदं."

परत येताना आमच्या फाटकाच्या डाव्या खांबाला आरसा घासला. तिसऱ्यांदा. अप्पा म्हणाले, खांब बाहेर आलाय. काँक्रीटचे खांब सहसा जागा बदलत नाहीत.

डोळे दाखवा म्हणून वर्षभर मागे लागले आहे. उत्तर एकच: "मला लांबचं समदं दिसतं." मुलगी रोज लोकांचे डोळे तपासते आणि बाप येत नाही. श्रावणातल्या चौथ्या सोमवारी, १८ ऑगस्टला, आत्याच्या भजनी मंडळाला भीमाशंकरला न्यायचं त्यांनी कबूल केलंय. आठ-दहा बायका, डिंभ्याच्या पुढचा घाट, धुकं. त्याआधी मला नक्की काय ते कळायला हवं.


बुध., २ जुलै

दवाखाना, नारायणगाव. काका चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आले. सगळ्या बाकासमोर मला "डॉक्टरीणबाई" म्हणाले. पुन्हा सांगितलं, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढते, डोळ्यातला दाब मोजते, पुढचं डॉक्टर बघतात.

काका: "म्हंजी तू कंडक्टर. डायवर आत बसलाय."

तसं बरोबरच आहे.

दुपारी घोडेगावकडच्या एक आजी. एक काच लावली, दुसरी लावली. आधीचं बरं की हे? "दोनी चांगलेत." एक सांगा आजी. "तू एवढं मनापासून दाखवतीस, कुणाला नावं ठेवू?" शेवटी यंत्राने आलेला नंबर दिला.

त्यांच्यामागे एक गृहस्थ. मी तक्त्याचा दिवा लावायच्या आत शेवटची ओळ म्हणून दाखवली. बाहेर बाकावर आधीच्या माणसाकडून ऐकून पाठ केली होती. विचारलं, असं का? "नापास व्हायला नगं."

आमच्याकडे यंत्रं पुष्कळ. तरी नजर किती, हे शेवटी समोरचा सांगेल तेच लिहायचं असतं. दिसतं म्हणाला तर दिसतं. शिकताना हे विचित्र वाटायचं. अजूनही वाटतं.


रवि., ६ जुलै

अप्पा म्हणाले, मंचरला जाऊन येऊ. काम काही नव्हतं. त्यांना महिन्यातून एकदा तरी जुन्या रूटवर जावं लागतं, नाहीतर चिडचिड होते.

मी पाट्या वाचून घ्यायचं ठरवलं. सहज विचारल्यासारखं. अप्पा, पुढे कुठलं हॉटेल आलं?

"सावली."

पाटीवर तीन रंगांत "रॉयल किचन" लिहिलेलं. मला जरा जास्तच समाधान झालं. सापडलं, असं वाटलं. तेवढ्यात मागून काका, "सावलीला च्या घिऊ." आई म्हणाली, सावलीचा चहा आता पहिल्यासारखा राहिला नाही. आत बसलो तर पोऱ्या मालकाला फोनवर सांगत होता, "शेठ, सावलीवरच हाय की."

इथे नाव बदललं तरी कुणी बदलत नाही. पाटी ही फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी. म्हणजे चाचणी बाद.

परतताना कळंबच्या अलीकडे वाढदिवसाचा फ्लेक्स. वर नेत्याचं मोठं डोकं, खाली लहान होत जाणारी डोकी, त्याखाली लहान होत जाणारी नावं. आमच्या तक्त्याचीच रचना. परवाच लागलेला, त्यामुळे पाठ असायचा प्रश्न नाही. म्हटलं, कुणाचा आहे हो?

अप्पांनी गाडी हळू केली आणि वरून खाली सगळा वाचला. पार शेवटचं "समस्त मित्र परिवार" सुद्धा. मला ती ओळ जवळ गेल्यावर लागली.

म्हणजे नजर उत्तम. माझ्यापेक्षा बरी. बरं वाटलं.

रात्री जेवताना त्यांचा हात लागून पाण्याचा पेला सांडला. आपल्याकडे पेला डावीकडे ठेवतात, उजवा हात खरकटा म्हणून. आई फडकं आणताना पुटपुटली, "हल्ली रोजचं झालंय ह्यांचं."

लिहून ठेवते. पेला, खांब.


सोम., १४ जुलै

संकष्टी. आई-अप्पांचा उपवास, मी नावापुरती. आभाळ गच्च. आईचे मोदक तयार, वरण-भात तयार, चंद्राचा पत्ता नाही.

आमच्याकडे चंद्र बघायचं काम अप्पांचं. ते गच्चीवर जातात, खाली येतात, "दिसला" म्हणतात आणि पानं घेतली जातात. आज पाऊस भुरभुरत होता. गेले, आले, डोक्यावरचं पाणी पुसत म्हणाले, "दिसला."

मी वर जाऊन आले. चांदणीसुद्धा नाही.

"कुठं दिसला अप्पा?"

"टाकीच्या बाजूला व्हता. आता ढग आला."

आई मोदकावर तूप घालत म्हणाली, "तुझ्या बापाला भर पावसात दिसतो. भूक लागली की दिसतो."

मला वाटलं होतं ही लबाडी आहे. मग वाटलं, लबाडी नव्हे, रीत आहे. चंद्र उगवलाय हे पंचांगात आहेच. आई सकाळपासून उपाशी आहे. आभाळाच्या चुकीसाठी तिला आणखी का थांबवायचं. देवळातल्या गर्दीतून बाहेर आलेल्याला आपण विचारतो, दर्शन झालं का? नाही म्हणालेला माणूस मी पाहिलेला नाही. मुलगी दाखवून झाल्यावर, नवं घर दाखवून झाल्यावर, डोंगरावरून आपलं गाव दाखवून झाल्यावर, दिसलं म्हणायचं. समोरच्याने दाखवलंय ना.

अवघड एवढंच आहे की या माणसांची नजर मोजायची हा माझा पोटाचा धंदा आहे.


रवि., २० जुलै

पिंपळगाव जोग्याचं पाणी. उघडीप होती. आई आली नाही, आम्ही तिघेच.

काठावर मुंबईचा एक ग्रुप. चिखलाच्या रंगाचे कपडे, सगळे कुजबुजत बोलणारे. लांब पाण्यात रोहित पक्षी उभे, त्यासाठी पहाटे निघून आलेले. हे पक्षी तुमच्या खाडीतच असतात ना, असं मी विचारलं. एक जण जरा दुखावला. म्हणाला, "हो, पण तिथे वास येतो."

त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांकडे तिकाटण्यावर लावलेली एकनळी दुर्बीण. चांगली काच होती. भला माणूस. म्हणाले, या पाहुणे, बघा.

आधी काका. वाकले, आणि नळीला लावलेला डोळाच मिटून घेतला. दुसरा उघडा, जमिनीकडे. त्याच अवस्थेत बराच वेळ राहिले. "वा. लई झ्याक. दिसलं."

मग अप्पा. उजवा डोळा लावला. "अरारा. एक पाय वर घेऊन हुबंय राव. चोच खाली काळी हाय त्याची." तंतोतंत. गृहस्थ खूश.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "आता डाव्या डोळ्याने." दवाखान्यात दिवसभर हेच वाक्य म्हणते, दुसरं काही मनात नव्हतं.

अप्पा जरा थांबले. मग डोळा बदलायला लागले. मान इकडून तिकडे, पाय इकडून तिकडे. त्या वेळात कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि सगळे पक्षी एकदम उठले. गुलाबी पंख, मोठा आवाज. सगळा काठ वर बघत होता. अप्पा वाकलेलेच. डावा डोळा नळीला, उजव्यावर हात.

"दिसले," म्हणाले. "लई छान."

"किती आहेत?"

"मगाशी व्हते तेवढेच."

समोर नुसतं पाणी होतं. ग्रुपमधल्या कुणाला ते विचित्र वाटलं नसावं, ते उडणाऱ्या पक्ष्यांत गुंतले होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग लगेच पाण्याकडे.

"चला," म्हणाले, "च्या घिऊ."

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी टपावर दोनदा वाजवलं. नेहमीपेक्षा जोरात.


सोम., २१ जुलै

डा. डो.

दोन डोळे उघडे ठेवून सगळेच पास होतात. एक डोळा झाकल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही, हा पहिल्या आठवड्यातला धडा. मी पंधरा दिवस फ्लेक्स वाचून घेत बसले. उ. डो. उत्तम आहे. तोच सगळं वाचतो. डाव्याचं काम कधीच बंद झालंय आणि मधली नजर शाबूत असल्यामुळे कुणाला कळत नाही. फक्त अगदी डावीकडचा तुकडा जातो, आणि अंतराचा अंदाज. पेला, खांब.

कारण काय असेल ते माहीत नाही. काचबिंदू असला तर तो दुखत नाही, लाल होत नाही, काही सांगत नाही. गेलेलं परत येत नाही. आणि तो एका डोळ्यावर थांबेल असं नाही. म्हणजे गाडी हा अर्धा प्रश्न. दुसरा अर्धा म्हणजे उ. डो.

घरी टॉर्च मारून बाहुली बघता येते, दोन मिनिटांचं काम. पण बापाच्या डोळ्यात चोरून टॉर्च मारता येत नाही.

आणखी एक. काल परत येताना मी काकांचं बोलणं ऐकत होते. ते गाडीत अखंड बोलतात. आई म्हणते, रेडिओ. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. पुढच्या रविवारी मागे बसेन.


रवि., २७ जुलै

मागे बसले. जुन्नरपर्यंत. निमित्त शिवनेरी, चढलो नाही, पायथ्याशी भेळ. किल्ल्यावरून उतरणारी पुण्याची मुलं काठी टेकत पायऱ्या मोजत होती. खाली उतरल्यावर एकाने विचारलं, "इथे लिफ्ट का नाही करत?" काका गंभीरपणे म्हणाले, "व्हती. मोगलांनी नेली."

रस्त्यात ऐकलेलं, जसंच्या तसं:

"म्हशी निघाल्यात राव चरायला, डाव्या अंगानं."

"हा सायकलवाला कुणाचा रं, आपल्या बाजूनं लई आत आलाय."

"डावीकडं मोरी हाय, परवा इथं एक जण आत गेला."

"शेरडं. शेरडं. निघाली."

एकही वाक्य उजवीकडचं नाही.

भेळेच्या गाडीवर अप्पा पाणी आणायला गेले तेव्हा काकांना विचारलं. कधीपासून?

काकांनी समजलं नाही असं दाखवलं नाही. "दिवाळीच्या आगं-मागं. त्यो काय बोलला न्हाई. मला आपसूक समाजलं. फाट्यावर एक फटफटी डावीकडनं आली, आन ह्यानं बघितलंच न्हाई. तवापस्नं मी बोलत असतो."

"मला का नाही सांगितलं?"

"तू डॉक्टरीण. मला वाटलं तुला म्हायती आसंल."

मग थोड्या वेळाने, कागदातली शेव वेचत: "आगं, एसटीत डावी बाजू माझीच असती. दार तिकडं, माणसं तिकडं, मागं घेताना घंटी मी देणार. तीस वरीस त्याची डावी बाजू मीच बघितली. नवीन काय करतोय?"

त्यांच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही. ड्रायव्हर आहे, कंडक्टर आहे, गाडी चालते. मी म्हटलं, उजवा डोळाही जाऊ शकतो. तो न दाखवता राहिला तर.

काकांचा घास थांबला. हे त्यांना माहीत नव्हतं.

"मग तूच बोल," म्हणाले. "मी बोललो तर तो मला गाडीत घ्याचा न्हाई."


रवि., ३ ऑगस्ट

आज कुठे गेलो नाही. अप्पा अंगणात जीप धूत होते. भीमाशंकरची तयारी. मी बादली भरून देत होते.

बोलायचं कसं ते तीन दिवस ठरवत होते. शेवटी दवाखान्यात सांगते तसंच सांगितलं. तुम्हाला डाव्या डोळ्याने दिसत नाही. कारण माहीत नाही. उजवा अजून चांगला आहे. तो चांगला राहावा म्हणून डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि तोपर्यंत घाटात गाडी नको.

"दिसतंय."

"तपासू या."

"तू लोकांस्नी तपास." फडकं पिळलं. "एक ओरखडा न्हाई माझ्या गाडीला आजपत्तूर." आरशाच्या ओरखड्यावरून फडकं फिरवत हे म्हणाले. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

आत जाऊन पाणी प्यायले. पुन्हा आले तेव्हा मी म्हटलं, दवाखान्यात येऊ नका. बारा तारखेला, मंगळवारी, संकष्टी आहे, तुम्ही गच्चीवर जालच. एकटे जा. उजव्या डोळ्यावर हात ठेवा आणि चंद्राकडे बघा. खाली येऊन काय ते सांगा. मी वर येणार नाही, फेरतपासणी करणार नाही. तुम्ही म्हणाल ते धरून चालेन. आमच्याकडे तोच नियम आहे.

"मी दिसला म्हणालो तर?"

"तर दिसला."

बराच वेळ चाकं धूत होते. डावं मागचं दोनदा धुतलं.

मी चूक केली का कळत नाही. जो माणूस भर पावसात चंद्र बघतो त्याला मी चंद्रावरच सोडलंय. पण दुसरं काही सुचलं नाही. काढून घेतलेली किल्ली त्यांना परवडेल, असं मला वाटत नाही. मलाही.


शनि., ९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. आत्या मढहून आली. नारळीभात झाला. अप्पांच्या मनगटावर मोठी, बटाट्याच्या चकतीएवढी राखी. ती सोडायची नाही, अठराच्या सोमवारी घाटात हातावर दिसली पाहिजे, असं सांगितलं.

भीमाशंकरचं नियोजन ऐकवलं. पेटी मागे, टाळ प्रत्येकीने आपापले, वाटेत डिंभ्याला चहा. दोन बायका वाढल्या. त्यामुळे बबनकाकांना जागा नाही.

काका बसलेलेच होते. "मी मागं हुबा राहतो," म्हणाले.

"बायकांची ट्रिप हाय, मास्तर. बाप्या एकच, तो डायवर. तुमी हिकडं निवांत ऱ्हावा."

काका अप्पांकडे बघत होते. अप्पा राखीकडे.

मी आत्याला म्हटलं, दुसरी गाडी आणि दुसरा ड्रायव्हर बघू या का? धुकं असतं, रस्ता अरुंद. आत्या हसली. "आगं, दादा हाय म्हणून तर घरच्यांनी सोडलंय समद्यांना. सुना सासवांना सांगत्यात, त्यांच्या भावाबर चाललाय ना, मग जावा. ती एकटी चांगुणाबाय, नवरा गेल्यापस्नं पहिल्यांदा घराबाहेर पडतीय. दुसरा डायवर म्हणलं की ट्रिपच मोडंल."

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. त्या गाडीच्या भरवशावर नाही, माणसाच्या भरवशावर निघाल्यात.

आत्या निघताना अप्पा तिला फाट्यापर्यंत सोडायला निघाले. काका लगेच उठले आणि मागे डाव्या खिडकीला जाऊन बसले. आत्याला वाटलं, रुसवा गेला.


मंगळ., १२ ऑगस्ट

अंगारकी. सकाळी दवाखान्यात जाताना ओझरच्या फाट्यापासून गाड्या तुंबलेल्या. निम्म्या मुंबईच्या. एक जण काच खाली करून विचारत होता, "गणपतीला जायला हाच रस्ता का?" ट्रॅफिकमधला माणूस म्हणाला, "हाच. पण गणपतीच लवकर हितं येईल." दिवसभर पेशंट कमी. जे आले ते दर्शन करून. सगळ्यांना झालं होतं.

आभाळ दुपारनंतर उघडलं. नेमकं आजच.

संध्याकाळभर अप्पा शांत. पेपर दोनदा वाचला. चंद्र उगवायची वेळ झाली तेव्हा चपला घातल्या, जिना चढले. मी स्वयंपाकघरात आईला पानं घ्यायला मदत करत होते. ठरल्याप्रमाणे वर गेले नाही.

एरवी मिनिटभरात खाली येतात. आज आले नाहीत.

आईने जिन्याखालून हाक मारली, "दिसला का?"

काही नाही.

"अहो, दिसला का?"

मग वरून, हळू: "न्हाई."

आई दारात गेली. मागच्या दारातून शेजाऱ्यांच्या टाकीवर चंद्र स्वच्छ दिसत होता, परातीएवढा. "न्हाई काय? हा काय, मला हितनं दिसतोय. अहो, टाकीवर बघा, टाकीवर."

"न्हाई दिसत," अप्पा म्हणाले.

मी आईचा हात धरला. म्हटलं, आई, थांब. ती माझ्याकडे बघायला लागली. तिला मी काही सांगितलेलं नव्हतं आणि आताही सांगितलं नाही. तिने वर बघितलं, मग माझ्याकडे. मग पदराला हात पुसत आत गेली.

थोड्या वेळाने अप्पा जिन्यावरून म्हणाले, "आता दिसला." दुसऱ्या डोळ्याने बघितला असणार. उपवास सोडायला तेवढा पुरतो.

बसलो. राखी अजून हातावर होती. आईने वाढलं. भात, वरण, मोदक, डावीकडे चटणी, लिंबू, रोजच्यासारखं. मग पाण्याचे पेले. माझा डावीकडे, तिचा डावीकडे. अप्पांचा तिने उजवीकडे ठेवला.

अप्पांनी पेल्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. आई मोदकावर तूप घालत होती, नेहमीपेक्षा जास्त.

डावा हात पानावरून नेऊन त्यांनी पेला उचलला, प्यायले, पुन्हा उजवीकडेच ठेवला. काही सांडलं नाही.

जेवण होईपर्यंत कुणी भीमाशंकरचं नाव काढलं नाही. काकांचा फोन येऊन गेला, अप्पांनी उचलला नाही. हात धुऊन आले आणि दारातल्या खिळ्यापाशी थांबले, जिथे जीपची किल्ली असते. किल्ली काढली नाही. नुसती सरळ केली.

"सोमवारी दवाखाना उघडा असतो का?"

"असतो."

"बरं," म्हणाले आणि झोपायला गेले.

उ. डो.: दिसला. डा. डो.: नाही.

कुठल्या सोमवारी, ते मी विचारलं नाही.